कड्यावरचे दगडफूल आणि कागदी पाकीट

गोड्या मसाल्यातले दगडफूल, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेले लायकेन, नावात दगड मिरवत असले, तरी ते बहुधा झाडांच्या सालीवरून खरवडलेले असते. खऱ्या अर्थाने खडकाला धरून राहणारे एक दगडफूल अमेरिकेच्या दक्षिण अ‍ॅपलेशियन पर्वतरांगांत आढळते. त्याचे शास्त्रीय नाव सेट्राडोनिया लिनिआरिस. सुमारे १,५०० मीटरपेक्षा उंच, सतत धुक्यात भिजणाऱ्या कड्यांवर किंवा त्याहून खाली खोल नदीदऱ्यांतल्या ओलसर खडकांवर, जेथे पावसाळी दिवसांतच पाणी झिरपते अशा जागी, त्याच्या निळसर राखाडी अरुंद पट्ट्यांची दाट वसाहत पसरते.

वनस्पतिसंग्रहालयात झाडाची डहाळी दाबून कागदावर चिकटवतात. दगडफूल मात्र घडीच्या कागदी पाकिटात ठेवतात आणि ते कोणी, कोठे, केव्हा आणि कशावर वाढलेले गोळा केले, याची चिठ्ठी वर लावतात. या जातीच्या जुन्या नमुन्याचा माग घ्यायचा, तर तीन नावे शोधावी लागतात, कारण १९४७मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर इव्हान्स यांनी तिला क्लॅडोनिया म्हटले, १९६८मध्ये ती जिम्नोडर्मा झाली आणि २००२मध्ये तिच्यासाठी सेट्राडोनिया ही वेगळी प्रजाती (जातीच्या वरचा गट) स्थापन झाली. नवे नाव सुचले म्हणून जुनी चिठ्ठी फाडत नाहीत, तिच्याजवळच दुसरी लावतात, आणि ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

‘शिखराजवळच्या कड्यावर’ एवढीच नोंद असलेली जुनी चिठ्ठी नकाशावर नेमकी बसवणे अवघड असते, तरीही तिच्यावरची तारीख महत्त्वाची ठरते. युरोपातून आलेली एक सूक्ष्म शोषक कीड १९५७मध्ये याच पर्वतरांगांतल्या माउंट मिचेल शिखरावर आढळली आणि पुढे तिने कड्यांना सावली देणाऱ्या फ्रेझर फर या सूचिपर्णी वृक्षांची जंगले उजाड केली. सावली गेल्यावर कडे कोरडे पडतात. त्याआधीचा नमुना सावली शाबूत असतानाची साक्ष देतो, पण पाकीट नाही म्हणजे जातही नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. बिकट कड्यावर संग्राहक पोहोचलाच नसेल.

१९९५मध्ये ही जात संकटग्रस्त ठरवून तिला कायद्याचे संरक्षण देण्यात आले, तेव्हा धोक्यांच्या यादीत अभ्यासकांनी नमुने गोळा करणे हाही एक होता. वसाहती लहान आणि वाढ अगदी मंद, त्यामुळे चिमूटभर खरवडही जखम करते. आता कड्यावरच छायाचित्र घेऊन वसाहतीचे क्षेत्र मोजणे पसंत केले जाते आणि चिठ्ठीवरची सर्वांत मोलाची ओळ, म्हणजे नेमके ठिकाण, सार्वजनिक माहितीसाठ्यात झाकून ठेवली जाते.