अस्फाल्टीन: साका कशाला म्हणायचे, थर कशाला

नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, उरणला समुद्रातून येणारे मुंबई हायचे तेल मेणचट. त्यामुळे इथे पाइपात काहीही साचले की 'वॅक्स धरलं' म्हणून मोकळे होतात. पण मेण गारठ्याने धरते आणि तापवले की सुटते. अस्फाल्टीन, म्हणजे कच्च्या तेलातला सर्वांत जड भाग, मुख्यतः दाब उतरल्यावर बाहेर पडते. ते तापवून हलत नाही, टोल्युइन किंवा झायलीनसारखे द्रावक लागते.

घोळ नावातच आहे. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये हे नाव पडले, तेव्हाच्या ओळखीत अल्कोहोल आणि टर्पेंटाइन होते. आज हेप्टेनमध्ये न विरघळणारे, टोल्युइनमध्ये विरघळणारे ते अस्फाल्टीन. म्हणजे हा एक रेणू नव्हे. द्रावकाची बाटली बदलली की पदार्थ बदलतो. पेंटेन वापरले तर साका जास्त पडतो, कारण रेझिनांचा, म्हणजे तेलातल्या त्याहून जरा हलक्या घटकांचा, काही भागही सोबत येतो. मेणचट तेलात आणखी एक फसगत होते. १ ग्रॅम तेलात ४० मिली हेप्टेन घालून रात्रभर ठेवले, गाळले आणि साका गरम हेप्टेनने न धुता गारच धुतला, तर गाळणीवर मेणही राहते आणि वजनात अस्फाल्टीन म्हणून मोजले जाते. रबाळ्याच्या एखाद्या लॅबने पेंटेन आणि दुसरीने हेप्टेन वापरले, तर दोन्ही आकडे एका मॉडेलमध्ये घालणे म्हणजे शेर आणि किलो एकत्र मिळवणे.

अस्फाल्टीन तेलात विरघळलेले असते, की रेझिनांच्या आधाराने तरंगते? १९८४ च्या मॉडेलने विद्राव्यतेची बाजू घेतली, १९८७ च्या मॉडेलने कलिलाची, म्हणजे तरंगत्या बारीक कणांची. २००१ मध्ये आलेले पीसी-सॅफ्ट हे द्रव-वायूंचे वर्तन मांडणारे समीकरण पुढे अस्फाल्टीनला लावल्यावर पारडे पहिल्या बाजूला झुकले, आणि ते योग्यच झाले: दाब उतरताना विरघळलेला वायू प्रसरण पावतो, तेलाची विरघळवण्याची ताकद घटते, बुडबुडा-दाबाच्या, म्हणजे वायू बुडबुड्यांनी सुटू लागतो त्या दाबाच्या, आसपास साका सर्वाधिक पडतो, त्याखाली वायू निघून गेला की तेल पुन्हा सावरते. विहिरीच्या नळीतला थर हा दाब येतो त्या खोलीच्या आसपास का सापडतो, ते यातून कळते.

मात्र साका म्हणजे थर नव्हे. आधीची गणिते पडलेला सगळा साका भिंतीवर बसवत आणि नळी कागदावर लवकर तुंबवत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, हेप्टेन कमी घातल्यास साका दिसायला काही महिनेही लागू शकतात असे आढळले; सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेला 'आरंभबिंदू' म्हणजे बहुधा पाहणाऱ्याने किती वाट पाहिली त्याची मर्यादा. शिवाय भिंतीला बारीक कण चिकटतात, मोठे पुंजके प्रवाहासोबत निघून जातात. म्हणून नव्या गणितात वहन, विसरण (कणांचे आपोआप पसरणे), पुंजके होणे आणि चिकटणे वेगळे मांडतात. चिकटण्याचा गुणांक तरीही एका विहिरीच्या दाब-नोंदींवरून जुळवलेला असतो. शेजारच्या विहिरीला तो पुन्हा जुळवावा लागतो.