आरशावरची ऊबदार हवा आणि एक छोटा पंखा

परावर्तक दुर्बीण घरातून अंगणात आणून लगेच गुरू ग्रहावर रोखली, तर पहिला तासभर बहुधा निराशाच पदरी पडते. ग्रहावरचे पट्टे पुसट दिसतात, कडा सतत लवलवत राहते आणि नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) कितीही पुढेमागे सरकवली तरी प्रतिमा नेटकी होत नाही. अशा वेळी दोष वातावरणाला किंवा आरशाच्या घडणीला दिला जातो. प्रत्यक्षात दोष अनेकदा आरशाच्या काचेत साठलेल्या उष्णतेचा असतो आणि त्यावरचा उपाय, म्हणजे आरशामागे एक छोटा पंखा बसवणे, घरच्या घरी करता येतो.

दुर्बिणीचा मुख्य आरसा म्हणजे जाड काचेची तबकडी. खोलीतल्या उबेतून ती बाहेरच्या गारव्यात आली, की स्थिर हवेत तिची उष्णता फार सावकाश बाहेर पडते. आरशाला लागून असलेली हवा तापते, हलकी होते आणि नळीतून वर चढू लागते, त्यामुळे आरशासमोर काही सेंटिमीटर जाडीचा एक अस्थिर थर तयार होतो. हवा एका अंशाने तापली, तर तिचा अपवर्तनांक (हवेत प्रकाशाचा वेग किती मंदावतो याचे माप) साधारण दशलक्षांश भागाने कमी होतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो; पण 5 सेंटिमीटर जाडीच्या थरात 2 अंशांचा फरक असेल, तर प्रकाशाच्या मार्गात 100 नॅनोमीटरचा फरक पडतो. शिवाय प्रकाश हा थर दोनदा ओलांडतो, एकदा आरशाकडे जाताना आणि एकदा परतताना, म्हणून एकूण फरक 200 नॅनोमीटर होतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 550 नॅनोमीटर असते आणि चांगल्या प्रतिमेसाठी एक चतुर्थांश तरंगलांबीपेक्षा जास्त विकृती नसावी, असा जुना संकेत आहे. थर सर्वत्र सारखा असता तर काहीच बिघडले नसते. तो जागोजागी वेगळा असतो आणि क्षणोक्षणी बदलतो, हीच खरी अडचण आहे.

मोठमोठ्या वेधशाळांनाही हा अनुभव चुकलेला नाही. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेतील 100 इंची दुर्बिणीतून नोव्हेंबर 1917 मध्ये पहिल्यांदा गुरू पाहिला, तेव्हा एकाऐवजी एकमेकांवर चढलेल्या अनेक प्रतिमा दिसल्या. दिवसा घुमट उघडा राहिल्याने आरशावर ऊन पडले होते. बऱ्याच तासांनी, आरसा निवल्यावर, ताऱ्याची प्रतिमा स्वच्छ आली.

आपल्या दुर्बिणीत हा थर आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहता येते. एखादा तेजस्वी तारा मध्यम विवर्धनात घेऊन नेत्रिका थोडी सरकवावी, म्हणजे ताऱ्याच्या जागी प्रकाशाची गोल चकती दिसते. उष्ण हवा असेल, तर या चकतीवर धुरासारख्या रेषा संथपणे एकाच दिशेने सरकताना दिसतात. वरच्या वातावरणामुळे होणारी थरथर याहून पुष्कळ वेगवान असते. एकदा हा फरक ओळखता आला, की पुढे तो कधीच नजरेतून सुटत नाही.

हा थर घालवण्यासाठी कॉम्प्युटरमधला 12 व्होल्टचा, 80 किंवा 120 मिलिमीटरचा पंखा उत्तम. तो नळीच्या मागच्या टोकाला, आरशाच्या पाठीकडे वारा जाईल असा बसवावा. स्क्रूने थेट आवळू नये, कारण त्याची कंपने आरशापर्यंत पोहोचतात आणि मोठ्या विवर्धनात तारा रेघेसारखा दिसू लागतो. चारही कोपऱ्यांना रबर बांधून पंखा अधांतरी टांगणे हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. पंख्याच्या भोवतीची मोकळी जागा मऊ फोमच्या चकतीने झाकावी. नाहीतर वारा आरशाकडे न जाता आजूबाजूनेच परत फिरतो. फोम मात्र पंख्याला घट्ट दाबणारा नसावा, अन्यथा रबर लावण्याचा उद्देशच फसतो. 12 ऐवजी 9 व्होल्टवर पंखा हळू चालतो, त्याची कंपने कमी होतात आणि तरीही हवा पुरेशी खेळती राहते.

पंखा पाठीमागून काच निववतो आणि आरशाच्या कडेने पुढे येणारा वारा तो थरही काही अंशी विस्कटतो. थर पूर्ण मोडायचा असेल, तर नळीच्या बाजूला भोक पाडून आरशाच्या पृष्ठभागावरून आडवा वारा सोडणारा दुसरा पंखा बसवतात. तो अधिक प्रभावी असतो, पण सुरुवात मागच्या पंख्यानेच करावी, कारण त्यासाठी नळी कापावी लागत नाही.

निरीक्षण सुरू झाले म्हणून पंखा बंद करण्याची घाई करू नये. रात्रभर बाहेरचे तापमान उतरत असते, आरसा त्याच्या मागे रेंगाळत राहतो आणि पंखा थांबताच थर पुन्हा जमू लागतो. कंपनांची शंका असल्यास एखाद्या ताऱ्यावर 200 पट विवर्धन लावून पंखा बंद-चालू करून पाहावा. प्रतिमेत काहीच फरक पडला नाही, तर तो पहाटेपर्यंत खुशाल चालू ठेवावा.