पास मिळाला, पण गाडीत जागा? गावाकडच्या विद्यार्थ्यांचा एसटी प्रवास: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

शाळा सुरू झाल्या की पालकांचं सगळं लक्ष पासवर असतं. पास हातात पडला की काम झालं, असं वाटतं. मग जुलैत तक्रारी सुरू होतात: गाडी भरून येते, थांब्यावर थांबतच नाही, शाळा सुटायच्या आधीच निघून जाते. पास म्हणजे तिकिटातली सवलत. गाडीत जागा मिळणं हे वेगळं काम आहे आणि त्याचा कागदही वेगळा आहे. म्हणून इथे दोन्हींची माहिती देतो.

आधी पास. राज्य परिवहन महामंडळाच्या साध्या गाडीने रोज शाळा-कॉलेजला जाणाऱ्या विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत आहे. म्हणजे त्याने एक तृतीयांश रक्कम भरायची. मुलगा असो वा मुलगी, ही सवलत दोघांनाही मिळते. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींसाठी मात्र अहिल्याबाई होळकर योजना आहे आणि तिच्यात पास पूर्ण मोफत मिळतो. गावात पुढच्या इयत्तेची सोय नाही म्हणून मुलीची शाळा सुटू नये, हा या योजनेचा हेतू. त्यामुळे ‘आमच्या मुलीच्या पासाचे पैसे किती?’ असं बारावीपर्यंतच्या मुलीच्या पालकाने विचारलं की मला वाईट वाटतं. घरापर्यंत माहितीच पोचलेली नसते.

बारावीनंतर मुलगी कॉलेजला जाऊ लागली की बरेच जण पास काढायचं सोडून देतात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, मग पास कशाला, असा विचार असतो. पण रोज जायचं असेल तर अर्ध्या तिकिटापेक्षा एक तृतीयांशाचा पास स्वस्त पडतो. आठवड्यातून दोनच दिवस जाणं होत असेल तर अर्धं तिकीट बरं. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर दिव्यांगांची वेगळी सवलत आहे. त्यासाठीचं प्रमाणपत्र शाळा सुरू व्हायच्या आधीच तयार ठेवा.

पासासाठी कागद फार लागत नाहीत. शाळेचा बोनाफाईड दाखला किंवा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा अर्ज, विद्यार्थ्याचा फोटो आणि आधार कार्डाची प्रत एवढं जवळ ठेवावं. अर्ज अडतो तो गावाच्या नावावर. आधारवर ग्रामपंचायतीचं नाव असतं, घर असतं वाडीवर, आणि गाडीचा थांबा असतो तिसऱ्याच फाट्यावर. पास ज्या थांब्यापासून ज्या थांब्यापर्यंत काढला आहे, तेवढ्याच अंतरासाठी चालतो. म्हणून अर्जात गावाच्या नावासोबत चढायचा थांबाही लिहा, आणि एसटीच्या दरपत्रकात त्या थांब्याचं जे नाव आहे तेच लिहा. वाहकाला विचारलं तर तो लगेच सांगेल. एसटीचं भाडं सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरतं. थांबा चुकला तर एका टप्प्याचा फरक पडू शकतो आणि पास असूनही मुलाला रोज तिकीट काढावं लागतं.

पूर्वी यासाठी आगारात खेटे घालावे लागत. अलीकडे शाळेने विद्यार्थ्यांची यादी आगाराला दिली की पास शाळेतच मिळण्याची सोय एसटीने केली आहे. २०२५ च्या जूनमध्येही ही मोहीम राबवली गेली. ही यादी फार महत्त्वाची आहे. कारण आपल्या मार्गावर रोज किती मुलं आहेत, हे आगाराला सगळ्यात आधी तिच्यातूनच कळतं.

आता जागेचं बघू. साध्या गाडीत पासधारक विद्यार्थ्यासाठी आसन राखलेलं नसतं. मुलींसाठी खास गाड्या आहेत त्या मानव विकास कार्यक्रमाच्या, लोक त्यांना ‘निळी गाडी’ म्हणतात. मानव विकास निर्देशांकात, म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि उत्पन्नाच्या मोजमापात, मागे पडलेल्या १२५ तालुक्यांमध्ये हा कार्यक्रम चालतो. आठवी ते बारावीच्या मुलींना गावातून शाळेत नेणं आणि परत आणणं हे या गाड्यांचं पहिलं काम, आणि तो प्रवास मोफत आहे. शाळेच्या फेरीला पहिला हक्क मुलींचा. मुली थांब्यावर राहिल्या आणि गाडी बाजारच्या माणसांनी भरून गेली, तर ती तक्रार लेखी द्यायलाच हवी. तारीख, वेळ, फेरी आणि मागे राहिलेल्या मुलींची संख्या, एवढं लिहिलं तरी पुरतं.

याच कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत मिळते. म्हणजे जवळच्या मुलींना सायकल आणि लांबच्या मुलींना गाडी, अशी मूळ रचना आहे. शाळेने दोन्ही याद्या नीट केल्या तर गाडीतली दाटी थोडी कमी होते. पण घाटाची किंवा जंगलातली वाट असेल तर चार किलोमीटरसुद्धा सायकलीने जाण्यासारखे नसतात. अशा वेळी मुख्याध्यापकांनी रस्त्याची स्थिती पत्रात लिहून गाडीच मागावी. नकाशावरच्या अंतराला धरून बसण्यात काही अर्थ नाही.

गाडीच नसेल, किंवा असून वेळेवर नसेल, तर नवी फेरी किंवा वेळेतला बदल मागता येतो. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे करायचा. एकट्या पालकाच्या अर्जाला फारसं वजन नसतं. मुख्याध्यापकांचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि थांब्यानुसार विद्यार्थ्यांची संख्या, हे तीन कागद एकत्र लावावेत. ‘आमच्या गावातून बरीच मुलं जातात’ असं लिहून काही होत नाही. अमुक फाट्यावर १४, वस्तीवर ९, मधल्या वाडीवर ६, असं लिहा. आगाराला गाडी आणि चालक-वाहकांच्या पाळ्या जुळवायच्या असतात. आकडे असतील तर शेजारच्या मार्गावरची रिकामी जाणारी फेरी तुमच्याकडे वळवता येते का, हे त्यांना पाहता येतं. मार्ग अगदी नवा असेल तर रस्ता, पूल आणि गाडी वळवायची जागा यांची पाहणी होते. हा अर्ज जूनमध्ये करू नये. दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की एप्रिलमध्येच द्यावा.

माझ्या पाहण्यातल्या एका शाळेने सुटण्याची वेळ वीस मिनिटांनी पुढे नेली आणि आगाराला कळवलंच नाही. दोन महिने मुलं शेवटचा तास सोडून पळत थांबा गाठत होती. गाडी तिच्या वेळेवरच होती. शाळेची वेळ बदलली की त्याच दिवशी आगाराला पत्र गेलं पाहिजे. शनिवारच्या सकाळच्या शाळेची वेळ तर अर्जात वेगळ्या ओळीत लिहाच, ती नेहमी राहून जाते.

लहान मुलांचा हक्क वेगळा आहे. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. तशी नसेल तर समग्र शिक्षा योजनेतून वाहतूक भत्ता मिळू शकतो. त्याची मर्यादा वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत आहे. यासाठी पालकाने आगारात जायचं नसतं. मुख्याध्यापक वस्तीनिहाय यादी करतात आणि ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते. ही यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून घ्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे विचारायला संकोच नको. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, तेही तेव्हाच तपासा. पैसे तिथेच अडकतात.

एसटीही नाही आणि भत्त्याची रक्कमही पुरत नाही, तिथे पालक मिळून खासगी गाडी लावतात. अशी गाडी ठरवताना मुख्याध्यापकांना मध्ये घ्या. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ चे नियम आहेत आणि त्यानुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. गाडीचे कागद, चालकाचा परवाना आणि थांबे या समितीसमोर आले पाहिजेत. गाडीत मुली असतील तर महिला मदतनीस हवी. दोन आसनांवर चार मुलं बसवून भाडं कमी करणाऱ्या गाडीला होकार देऊ नका.

आगाराकडून उत्तर आलं नाही तर तोच अर्ज विभाग नियंत्रकांकडे, म्हणजे आगाराच्या वरच्या एसटी अधिकाऱ्यांकडे, पाठवा आणि सोबत पहिल्या अर्जाची पोच जोडा. पहिला अर्ज देतानाच दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतलेला असेल, तरच ती पोच तुमच्याकडे असेल.