माती परीक्षणाचा नमुना (कोल्हापूर जिल्हा)

शेतातील मातीचा सामू (आम्ल-विम्लपणा, pH), क्षार, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यासारख्या पदार्थांतला कार्बन) आणि पिकाला उपलब्ध अन्नद्रव्ये तपासण्यासाठी ठराविक पद्धतीने काढून प्रयोगशाळेकडे पाठवलेली प्रातिनिधिक माती. एकरभर जमिनीच्या वरच्या सहा इंच थराचे वजन सुमारे 9 लाख किलो भरते. त्यातून प्रयोगशाळेत जाते अर्धा किलो, आणि सेंद्रिय कर्ब काढायला त्यातली जेमतेम ग्रॅमभर माती वापरतात. त्यामुळे नमुना काढताना झालेली चूक पुढे कोणत्याही यंत्राने दुरुस्त होत नाही.

कोल्हापुरात ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण जिल्ह्याची माती थोड्या अंतरात पालटते. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या अतिपावसाच्या भागात जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी जमीन आहे. पूर्वेला शिरोळ, हातकणंगलेकडे नदीकाठची खोल काळी जमीन, तीही बऱ्याच ठिकाणी क्षारपड, म्हणजे क्षार साचून बिघडलेली. आम्लधर्मी मातीतला उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) ब्रे पद्धतीने मोजतात, तर उदासीन व विम्लधर्मी मातीतला ऑल्सेन पद्धतीने. म्हणून नमुन्याच्या पिशवीवर गावाचे नाव असणे ही निव्वळ औपचारिकता नाही.

नमुन्याची वेळ पिकाच्या चक्रावर ठरते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लावतात. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक) निघाल्यावर, शेणखत-रासायनिक खत पडण्याआधी माती काढणे सगळ्यात चांगले. रंग, उतार, खोली किंवा पीक वेगळे असेल तर त्या तुकड्याचा नमुना वेगळा. भावाभावांच्या वाटणीतले दहा-दहा गुंठ्यांचे पट्टे असले, तरी खताची सवय निराळी असेल तर माती एकत्र करू नये.

शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा जागा निवडतात. बांध, उकिरडा, झाडाची सावली, विहिरीचा काठ, पाटाची कड आणि पाचट (उसाची वाळलेली पाने) जाळलेली राखेची जागा सोडतात. पाचटाची राख पालाशाचा (पोटॅशियमचा) आकडा फुगवते, हे उसाच्या पट्ट्यात विशेष ध्यानात ठेवावे. पृष्ठभागावरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घेतात, त्यातली माती काढून टाकतात आणि खड्ड्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची, बोटभर चकती खरवडतात. वरची माती जास्त आणि तळाची कमी आली, तर त्या थराचे खरे चित्र मिळत नाही. जस्त, लोह अशी सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर लोखंडी खुरप्याऐवजी लाकडी काठी आणि घमेल्याऐवजी प्लॅस्टिकची पाटी घ्यावी. गंजक्या खुरप्याने लोहाचा आकडा वाढतो.

सगळी माती स्वच्छ कापडावर ओतून ढेकळे फोडतात, खडे-मुळ्या वेचतात. मग ढीग पसरून चार भाग करतात, समोरासमोरचे दोन टाकून देतात आणि उरलेले पुन्हा मिसळतात. अर्धा किलो उरेपर्यंत हे चालते. ओली माती सावलीत वाळवावी; उन्हात तापवली तर उपलब्ध पालाशासारखे आकडे बदलू शकतात. खताचे रिकामे पोते पिशवी म्हणून वापरणे ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे: पोत्यातल्या चार दाण्यांनीही अहवाल बिघडतो.

क्षारपड जमिनीत एवढ्याने भागत नाही. तिथे एक, दोन आणि तीन फुटांपर्यंतच्या थरांचे नमुने वेगवेगळे घेतात, कारण पाणी वर चढताना क्षारही वर आणते आणि नुसता वरचा थर पाहून निचऱ्याचा निर्णय घेता येत नाही. सोबत विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचाही नमुना द्यावा. पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून, त्याच पाण्याने बाटली खळबळून मग भरावी आणि लवकर पोहोचवावी.

पिशवीत आणि पिशवीबाहेर अशा दोन चिठ्ठ्या लागतात: शेतकऱ्याचे नाव, गाव, तालुका, गट नंबर, नमुना काढल्याची तारीख, मागचे पीक, पुढचे पीक, पाण्याची सोय. आतली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालावी व पेन्सिलीने लिहावी. ओलाव्याने शाई पसरते. नमुने कृषी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत, काही साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यामार्फत (पूर्वीचे कृषी सहायक) देता येतात. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत 12 घटक तपासले जातात. पंचगंगेच्या पुरात गाळ बसलेल्या शेताचा मात्र जुना अहवाल गृहीत धरू नये. पाणी ओसरून वाफसा आल्यावर, म्हणजे माती मशागतीजोगी सुकल्यावर, नवा नमुना काढावा.