चर्वणक्षमता आणि पोषण

अन्नाचा घास दातांनी फोडून, दळून आणि लाळेत कालवून गिळण्याजोगा करण्याच्या शक्तीला चर्वणक्षमता म्हणतात. ती केवळ दातांच्या संख्येवर ठरत नाही. वरच्या व खालच्या दाढा एकमेकींवर नीट टेकणे, जबड्याच्या स्नायूंतील बळ, घास पुन्हापुन्हा दाढांखाली सारणारी जीभ आणि पुरेशी लाळ यांवरही ती अवलंबून असते. म्हणूनच काही औषधांमुळे तोंड कोरडे पडलेल्या व्यक्तीला सर्व दात शाबूत असूनही कोरडा घास जड जातो.

चर्वणाचा पचनाशी थेट संबंध कवचफळांत स्पष्ट दिसतो. बदामातील स्निग्धांश पेशीभित्तिकांच्या आत कोंडलेला असतो. चावताना ज्या पेशी फुटतात त्यांतील स्निग्धांश पाचकरसांना सहज मिळतो आणि न फुटलेल्या पेशींतील बराचसा न पचताच मोठ्या आतड्यात पोहोचतो. मात्र पोषणाची मोठी हानी पचनातून नव्हे, तर आहाराच्या निवडीतून होते. दाढा गेल्या की कच्च्या भाज्या, कडक फळे, कवचफळे आणि मांस ताटातून हळूहळू कमी होतात, त्यांची जागा मऊ, पिष्टमय व गोड पदार्थ घेतात आणि तंतू, प्रथिने व जीवनसत्त्वे यांची आवक घटते. वजन कमी होतेच असे नाही, उलट ते वाढूही शकते. त्यामुळे ही उणीव घरच्यांच्याच नव्हे, तर वैद्याच्याही नजरेतून निसटते. वृद्धांत प्रथिनांच्या कमतरतेने स्नायू झिजतात, त्यांत जबड्याचेही स्नायू आले, आणि चावणे आणखी अवघड होते. मोठे तुकडे तसेच गिळले गेल्यास घास अडकून गुदमरण्याचा धोकाही असतो.

स्मृतिभ्रंशाशी दंतहानीचा संबंध अनेक पाहण्यांत आढळला असला, तरी गरिबी, धूम्रपान व शिक्षण हे घटक दोन्हींच्या मुळाशी असू शकतात. त्यामुळे एकाला दुसऱ्याचे कारण ठरवणे घाईचे होईल.

सर्वसाधारण आहार चावता यावा यासाठी किमान 20 नैसर्गिक दात लागतात, असे मानले जाते. जपानने 1989 मध्ये सुरू केलेल्या ‘8020’ मोहिमेचे, म्हणजे वयाच्या 80व्या वर्षी 20 दात राखण्याचे, उद्दिष्ट याच आधारावर आहे. क्षमता मोजण्यासाठी दोन रंगांचे च्युइंगगम ठरावीक वेळा चावायला देऊन रंग किती एकजीव झाले ते पाहतात.

संपूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या मानाने फारच कमी राहतो. शिवाय नवी कवळी बसली म्हणून जुनी खाण्याची सवय आपोआप बदलत नाही, म्हणून दंतोपचारासोबत आहारसल्ला आवश्यक ठरतो. पदार्थ मऊ शिजवणे, बारीक चिरणे किंवा किसणे हे उपाय साधे आहेत. फळ किसून दिल्यास त्यातील तंतू टिकतात, रस गाळून दिल्यास ते चोथ्याबरोबर जातात.