मोटारीचे टायर घरी धुणे व काळे करणे

मोटारगाडीच्या टायरच्या बाजूंवर साचलेली माती, ब्रेकची भुकटी आणि खुद्द रबरातून वर आलेला तपकिरी थर काढून, नंतर त्या बाजूंवर काळेपणा टिकवणारे द्रव्य लावण्याचे घरगुती काम. धुणे आणि लावणे असे त्याचे दोन भाग पडतात. कष्ट आणि वेळ पहिल्या भागात जायला हवेत. दुसरा भाग पाच-दहा मिनिटांचा. सातारा-सांगलीकडे, आणि खरे तर सगळीकडेच, लोक नेमके उलट करतात. पाइपने पाणी मारायचे आणि ओल्या टायरवर बाटली ओतायची. संध्याकाळपर्यंत टायर काळाभोर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पिठूळ धुळीचा थर बसतो.

रबर मुळात काळे नसते. सुरुवातीचे टायर पांढरट असत, कारण त्यांत झिंक ऑक्साइड मिसळलेले असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून कार्बन ब्लॅक, म्हणजे खनिज तेल अपुऱ्या हवेत जाळून मिळवलेली अतिबारीक काजळी, रबरात घालू लागले. त्यामुळे टायरची झीज कमी झाली आणि उन्हातली अतिनील किरणे रबराऐवजी काजळी शोषू लागली. हवेतला ओझोन वायू मात्र काजळीला जुमानत नाही. तो रबराच्या लांबलचक रेणूंतले दुहेरी बंध तोडतो आणि टायर जिथे ताणलेला असतो तिथे बारीक भेगा पाडतो. त्यावर उपाय म्हणून रबरात मेण आणि ६-पीपीडीसारखी ओझोनरोधक रसायने घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, ओझोनला आपल्या अंगावर घेतात आणि खर्ची पडतात. त्यातून उरतो तो तपकिरी थर. म्हणजे तपकिरी झालेला टायर मळलेलाच असतो असे नाही. तो आपले काम करत असतो. नव्या टायरवर याच्या जोडीला साच्यातून सुटावा म्हणून वापरलेल्या वंगणाचा अंशही असतो, आणि त्यावर कोणतेही द्रव्य धड धरत नाही.

हा वापरलेला थर काढला म्हणून टायरचे काही बिघडत नाही. पण दर रविवारी तारेच्या घासणीने आणि जहाल द्रावणाने घासत राहिले, तर आतला साठाही ओढून काढला जातो. एरवी साबणपाणी आणि फडके. महिन्या-दीड महिन्यातून एकदा जोरकस घासणी, एवढे पुरते.

गाडी कुठल्या मातीतून येते यावर निम्मे काम ठरते. महाबळेश्वर, पाचगणी, कास या पठारांवर जांभा आहे. त्याची तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडने भरलेली असते आणि टायरवरच्या उठावाच्या अक्षरांत, रेघांत जाऊन बसते. पाण्याच्या नुसत्या फवाऱ्याने ती निघत नाही, ब्रश लागतो. कृष्णाकाठची काळी माती वेगळ्या स्वभावाची. पाणी लागले की फुगून चिकट होते आणि वाळली की दगड. वाळवा, पलूस, कराड भागात ऊसतोड चालू झाली की शेतातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या ही माती, पाचट आणि चिरडलेल्या उसाचा चिकटा डांबरी रस्त्यावर आणून टाकतात, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकाला तो वाटा मिळतो. अशी काळी माती कोरडी खरवडू नये. आधी पाणी मारून दहा-पंधरा मिनिटे मऊ होऊ द्यावी.

चाकाच्या आतल्या बाजूकडे सहसा कोणी बघत नाही. रिमच्या आत काळ्या मातीचा गोळा वाळून बसला की चाकाचा तोल जातो आणि हमरस्त्यावर वेग घेतला की स्टेअरिंग थरथरू लागते. मालक अलाइनमेंट, बॅलन्सिंग करायला धावतो. खर्च करण्याआधी एकदा रिमच्या मागे हात घालून पाहावा, पाइप धरून आतून धुवावे. बऱ्याचदा दुखणे तिथेच संपते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगली, मिरज आणि नदीकाठच्या गावांतल्या ज्या गाड्या पाण्यात राहिल्या, त्यांच्या बाबतीत हे काम घरच्या बादलीचे नव्हते. पुराचा गाळ मैद्याइतका बारीक असतो. तो ब्रेकमध्ये आणि बेअरिंगपर्यंत जातो. अशा गाडीची चाके उतरवून गॅरेजमध्येच साफ करून घ्यावी लागतात.

धुण्याला लागणारे सामान थोडे आहे : दोन बादल्या, काथ्याचा किंवा मध्यम कडक प्लास्टिकचा ब्रश, कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश, गाडी धुण्याचा शाम्पू आणि दोन-तीन जुनी फडकी. हे ब्रश-फडकी गाडीच्या रंगाला कधीही लावू नयेत, त्यातली रेती पत्र्यावर ओरखडे काढते. कपड्याच्या पावडरीने मळ निघतो, पण ती फार अल्कधर्मी असते. नेहमी वापरली तर रबर कोरडे पडते आणि अलॉय चाकाचा मुलामा मंदावतो. वाईची गाडी पसरणीचा घाट उतरून आली असेल, तर लगेच पाणी मारू नये. उतारावर ब्रेक दाबून डिस्क तापलेली असते आणि एकदम गार पाणी पडले की ती वाकण्याची भीती असते. हाताला रिम गार लागेपर्यंत थांबावे. उन्हात उभ्या गाडीचेही तेच : साबण टायरवरच वाळतो आणि पांढरे डाग उरतात. मिरज-वाळव्याच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचे पाणी जड आहे, तिथे तर हे डाग हमखास पडतात, म्हणून शेवटचे पाणी नळाचे घ्यावे आणि ते फडक्याने टिपून काढावे.

चाके आधी, गाडीचे अंग नंतर, असा क्रम ठेवावा. एका वेळी एकच चाक घ्यावे. टायर भिजवून, साबण लावून ब्रश गोल न फिरवता तुकड्यातुकड्याने पुढेमागे चालवावा. पहिल्या घासणीत फेस चहाच्या रंगाचा येतो. तो धुऊन पुन्हा साबण लावावा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फेस पांढरा राहिला की टायर स्वच्छ झाला. जमिनीवर टेकलेला भाग ब्रशला सापडत नाही. गाडी अर्धा फेर पुढे ढकलून तो पूर्ण करावा, नाहीतर काळ्या टायरवर एक तपकिरी फाक राहते आणि नेमकी तीच डोळ्यात भरते. प्रेशरचा पंप असेल तर नोझल टायरपासून फूटभर लांब धरावे. जवळून मारलेली धार बाजूच्या पातळ रबराला इजा करू शकते. रिमवर बसलेली काळी पूड ही ब्रेक पॅड आणि डिस्कची झीज असते, तिच्यात लोखंड असते. तिच्यासाठी मिळणारे द्रावण फवारले की लोखंडाशी संयोग होऊन जांभळे ओघळ उतरतात. रिम रंगीत झाली म्हणून घाबरायचे कारण नाही, पण ते वाळू न देता धुऊन टाकावे. माण, खटाव, जत, आटपाडीकडे गाडी धुवायला एवढे पाणी काढणे जिवावर येते. तिथे ओले फडके, ब्रश आणि दोन बादल्यांत चारी चाके होतात, पाइपची गरज पडत नाही.

टायर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पुढचे द्रव्य लावू नये. बाजारात ते मुख्यत्वे दोन तऱ्हांचे मिळते. पाण्यात मिसळलेले सिलिकोन दुधासारखे पांढरे दिसते, वाळल्यावर फार चमकत नाही आणि रबराला मानवते. दुसरे पेट्रोलियम द्रावणातले, पारदर्शक आणि तेलकट. चकाकी भरपूर देते, धूळही तितकीच धरते आणि सतत वापरले तर रबरातले मेण विरघळवते. डोंगरी रस्ते, मुरूम आणि कारखान्याची वाहतूक असलेल्या या भागात पहिलेच घ्यावे. स्पंजवर थोडेसे घेऊन फक्त बाजूंवर पातळ हात फिरवावा, दहा मिनिटांनी जास्तीचे फडक्याने पुसावे आणि आणखी थोडा वेळ गाडी हलवू नये. घाईने निघाले की चाक फिरताना द्रव्य उडते आणि मडगार्डच्या मागच्या पत्र्यावर काळ्या ठिपक्यांची माळ उमटते. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर आणि ब्रेकच्या डिस्कवर हे द्रव्य जाता कामा नये. दुचाकीच्या टायरला ते अजिबात लावू नये, कारण वळणावर दुचाकी झुकते आणि टायरची कडच रस्त्याला टेकते.

घरगुती उपायांत ग्लिसरीन निरुपद्रवी आहे. पाण्यात मिसळून लावले की मंद काळेपणा येतो, पहिल्या पावसात जातो. खोबरेल तेल धूळ धरते, बाकी फारसे काही करत नाही. डिझेल, रॉकेल आणि गॅरेजमधले जळके ऑइल मात्र टायरला वैरी. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. लावल्यावर टायर नव्यासारखा दिसतो, म्हणूनच ही खोड सुटत नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा होते, झेंडूची माळ घातली जाते, चाकाला हळद-कुंकू लागते. सांगली ही हळदीची पेठ, तेव्हा हळद सढळ हाताने पडते. तो डाग साबणाने धुवायला गेले की लालसर होतो. हळदीतले कर्क्युमिन अल्कधर्मी पाण्यात रंग बदलते, एवढेच ते. गाडी एक-दोन दिवस उन्हात राहिली की डाग आपोआप फिका पडतो.

काळेपणा आणि टायरची तब्येत यांचा संबंध जवळजवळ नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे आधी ध्यानात घ्यावे : तिथे प्रत्येक टायर चकचकीत असतो. ओल्या फडक्याने बाजू पुसून भेगा पाहाव्यात. नक्षीच्या खाचांमधले झीज दाखवणारे उंचवटे साधारण १.६ मिलिमीटर उंचीचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. मग बाजूवरचे चार आकडे शोधावेत. २३२२ असेल तर टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. चारही टायरचे आकडे जुळत नसतील तर विचारावे. टायर कमी चाललेला असणेही नेहमी चांगले नसते. पाटण-जावळीकडची बरीच मंडळी कामाला मुंबईत असतात आणि गाडी गावाकडे शेडमध्ये झाकून ठेवलेली असते. चाक फिरले, रबर वाकले, तरच आतले मेण नीट वर येते; उभ्या गाडीचा टायर नक्षी शाबूत असूनही बाजूने तडकतो. त्याला वरून काहीही लावून उपयोग नसतो, अधूनमधून गाडी चालवावी लागते.

धुतलेले पाणी कुठे सोडायचे, हा प्रश्न अलीकडे पुढे आला. ६-पीपीडीचा ओझोनशी संयोग झाला की ६-पीपीडी-क्विनोन तयार होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात रस्त्यावरून ओढ्यांत जाणाऱ्या पावसाच्या पाण्यामुळे कोहो सामन मासे मरत होते, त्याचे कारण हेच रसायन असल्याचे २०२० साली संशोधकांनी दाखवून दिले. टायर घासताना निघणाऱ्या तपकिरी फेसात अशीच द्रव्ये, साबण आणि ब्रेकची पूड असते. बेंदराला बैल नदीवर नेण्याची जुनी रीत आहे, पण त्याच घाटावर ट्रॅक्टर आणि मोटारी उतरवून धुऊ नयेत. अंगणात मुरमावर गाडी लावली तर पाणी जागीच मुरते. विहीर, आड किंवा बोअर जवळ असेल तर तेवढी जागा टाळावी.