ढिगाचा पायथा उकरू नका : दगडखाण आणि खाणपट्टाधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खाणीतून निघणाऱ्या टाकाऊ मालाच्या ढिगांची मोजणी, उताराचे नकाशे आणि पावसाळ्याआधीची तपासणी ही कामे आम्ही करतो. या कामांत एकच अडचण पुन्हा पुन्हा येते. मोजणी होते, पायथ्याला खुंट्या रोवल्या जातात, नकाशा ग्राहकाच्या हाती पडतो. मग कुठल्या तरी रस्त्याला भराव हवा असतो किंवा मुरमाची मागणी येते, आणि पोकलेन ढिगाच्या पायथ्याला जाऊन लागते. माल तिथून भरायला सोपा, डंपरही सरळ उभा राहतो. चार दिवसांत खुंट्या उखडतात आणि नकाशा जागेशी जुळेनासा होतो. तपासणीची तारीख जवळ आली की पुन्हा फोन येतो, "जरा नकाशा दुरुस्त करून द्या." तो दुरुस्त होत नाही. मोजणी मुळापासून करावी लागते. दोघांचाही वेळ जातो आणि दरम्यान ढीग धोक्याचा होऊन बसलेला असतो.

सात फेऱ्यांत काय बिघडते

डंपरमधून मोकळा टाकलेला दगड-मुरूम स्वतःच एका कोनात थांबतो. कोरड्या, फुटलेल्या दगडाचा हा नैसर्गिक कोन साधारण 35 ते 38 अंश असतो. म्हणजेच नुसत्या टाकलेल्या ढिगाची बाजू आधीच सरकण्याच्या काठावर उभी असते. तिला जो काही आधार आहे तो पायथ्याच्या मालाच्या वजनाचा.

12 मीटर उंचीचा, 37.5 अंश उताराचा ढीग घ्या. माथ्याच्या कडेपासून पायथ्यापर्यंतचे आडवे अंतर साधारण 15.6 मीटर येते. पायथा फक्त 3 मीटर आत उकरला की तिथे सुमारे 2.3 मीटर उंचीची उभी भिंत तयार होते आणि पायथा ते माथा हा एकूण उतार 43 अंशांच्याही वर जातो. 20 मीटर लांबीत असे उकरले तर निघणारा माल 70 घनमीटरही भरत नाही. 10 घनमीटरच्या डंपरच्या सात फेऱ्या झाल्या. एवढ्याशा मालासाठी मागचा सगळा ढीग निराधार होतो.

"दोन महिने झाले, काही पडलं नाही" हे उत्तर आम्ही नेहमी ऐकतो. उन्हाळ्यात पडत नाही, हे खरे आहे. बारीक मालात थोडी ओल असते, तिच्यामुळे कण एकमेकांना धरून राहतात आणि उभी भिंतही काही दिवस तग धरते. जोराचा पाऊस झाला की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात. ती पकड जाते, मालाचे वजन वाढते आणि आतून पाण्याचा दाब येतो. एप्रिलमध्ये उकरलेला पायथा म्हणूनच जुलैत दगा देतो. तोवर तो कोणी उकरला होता हेही कोणाच्या लक्षात नसते.

नियम काय सांगतात

दगड आणि धातू-खनिजांच्या खाणींना मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स 1961 लागू आहेत. त्यांनुसार ढिगाचा उतार त्या मालाच्या नैसर्गिक कोनावरून ठरतो, पण कोणत्याही परिस्थितीत 37.5 अंशांपेक्षा जास्त चालत नाही. ढिगाचा पायथा खाणीचे तोंड, रेल्वे, सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक बांधकाम किंवा मालकाच्या ताब्यात नसलेली इमारत यांच्यापासून 45 मीटरच्या आत येता कामा नये. ज्या ढिगावर माल टाकणे चालू आहे, त्याच्या आणि रस्ता-इमारतीच्या मध्ये कुंपण हवे. वरून दगड घरंगळू शकतो अशा पायथ्याशी कोणालाही जाऊ द्यायचे नाही. पायथ्याला पोकलेन लावणे म्हणजे चालक आणि डंपरवाला यांना नेमक्या त्याच जागी उभे करणे होय.

45 मीटर मोजताना बरेच जण आजचा पायथा धरतात. धरायला हवा तो ढीग पूर्ण झाल्यावरचा पायथा. 37.5 अंशांत ढीग 1 मीटर उंच झाला की पायथा 1.3 मीटर पुढे येतो. आज रस्त्यापासून 50 मीटरवर असलेला ढीग आणखी 5 मीटर उंच केला की मर्यादा ओलांडतो. आम्ही नकाशात अंतिम पायथ्याची रेघ वेगळ्या रंगात दाखवतो ती यासाठी. तो नकाशा खुशाल भिंतीवर लावून ठेवा.

आणखी एक गैरसमज 37.5 या आकड्याचाच आहे. तो कमाल आकडा आहे. तुमच्या पर्यावरण मंजुरीच्या पत्रात वेगळा आकडा असेल तर तोही पाळावा लागतो, आणि अनेक मंजुऱ्यांत एकूण उतार 28 अंश लिहिलेला असतो. 28 अंश म्हणजे दर 10 मीटर उंचीला जवळजवळ 19 मीटर आडवे अंतर. इतका सपाट उतार डंपरने टाकून येत नाही, टप्पे करावे लागतात. 8 मीटर उंचीचे तीन टप्पे, प्रत्येकाचा उतार 37.5 अंश, आणि मध्ये 7 मीटर रुंदीचे दोन सपाट पट्टे असे केले की एकूण उतार 28 अंशांच्या आत बसतो. 24 मीटर उंचीला एका बाजूने 45 मीटरहून थोडी जास्त जागा लागते. तेवढी जागा आहे का हे पहिला डंपर रिकामा करण्याआधी बघायचे असते. कोळसा खाणींचे 2017 चे नियम 1961 च्या नियमांहून कडक आहेत. तिथे 30 मीटरपेक्षा उंच ढिगाला टप्पे बंधनकारक आहेत आणि एकूण उतार 1 मीटर उंचीला 1.5 मीटर आडवे अंतर याहून उभा चालत नाही. कोळशाच्या ग्राहकांनी हे पत्रक पुरेसे समजू नये.

"आमची खाण छोटी, आम्हाला हे लागू नाही"

मुरूम, इमारतीचा दगड, खडी, जांभा अशा खाणींना सूट आहे, पण उघड्या खाणीत त्या सुटीच्या तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. खोदाईची खोली कुठेही 6 मीटरपेक्षा जास्त नको, कोणत्याही एका दिवशी 50 पेक्षा जास्त माणसे कामावर नकोत, आणि स्फोटके वापरलेली नकोत. 1952 च्या खाण कायद्यातल्या याच अटी 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आल्या आहेत. खोली मोजायची ती खोदाईच्या सर्वांत उंच बिंदूपासून सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत. डोंगर उताराच्या खाणीत लोक खालच्या रस्त्याच्या पातळीपासून मोजतात आणि "आमची 4 मीटरच आहे" म्हणतात. वरच्या कडेपासून टेप सोडला की 15 मीटर भरते. आणि एकदा सुरुंग लावला की छोटी खाण, मोठी खाण हा प्रश्नच उरत नाही.

1952 च्या कायद्याने खाणीच्या व्याख्येत, मालकाच्या एकट्याच्या ताब्यातली, टाकाऊ माल टाकायची जागाही धरली होती. ढीग खाणीपासून लांब आहे किंवा आधीच्या पट्टाधारकाने टाकलेला आहे, या सबबीवर आम्ही कोणालाही निर्धास्त राहायला सांगणार नाही. ब्रिटनमध्ये या विषयावर 1969 साली स्वतंत्र कायदा झाला, तो वेल्समधल्या ॲबरफान गावातल्या दुर्घटनेनंतर. 21 ऑक्टोबर 1966 ला कोळशाच्या खाणीचा ढीग घसरून शाळेवर आला. 144 माणसे गेली, त्यांत 116 मुले होती. तो ढीग झऱ्यावर टाकलेला होता. नंतरच्या कायद्यात वापरात नसलेल्या जुन्या ढिगांसाठीही स्वतंत्र तरतुदी आल्या. आपल्याकडे झारखंडमधल्या राजमहल कोळसा खाणीत 29 डिसेंबर 2016 ला मातीचा प्रचंड ढीग खाली आला आणि 23 कामगार गेले. ही उदाहरणे भीती घालण्यासाठी दिलेली नाहीत. ढिगाचा उतार आणि पाण्याची वाट यांवर आम्ही इतके का अडून बसतो, ते यावरून समजावे.

मुरूम हवाच असेल तर

ढिगातला माल विकायला किंवा वापरायला आमची हरकत नाही. उलट ढीग जितका कमी तितके बरे. फक्त तो वरून उचला. पोकलेन ढिगाच्या माथ्यावर, कडेपासून आत उभे करा आणि एका वेळी 3 मीटरपेक्षा जास्त जाडीचा थर घेऊ नका. एक थर पूर्ण काढून झाल्यावरच खाली या. डंपर मागे येतो तिथे कडेला सर्वांत मोठ्या डंपरच्या चाकाच्या व्यासाइतका उंच बांध ठेवा. बाहेरचा उतार आहे तसाच राहू द्या, तो "साफ" करू नका.

याहून चांगला उपाय म्हणजे विक्रीचा मुरूम ढिगावर जाऊच न देणे. खोदाईच्या वेळीच तो वेगळा करून वाटेलगत 3 मीटर उंचीच्या बुटक्या साठ्यात ठेवा. हा साठा कुठूनही उचला, पोकलेनच्या बकेटच्या आवाक्यात असल्याने उभी भिंत डोक्यावर येत नाही. नवीन नकाशा करताना आम्ही या साठ्याची जागा आखून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

मुरूम हे गौण खनिज आहे, ते टाकाऊ ढिगातून काढलेले असले तरी. पट्ट्याबाहेर नेण्याआधी परवानगी आणि वाहतूक पास घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 48(7) खाली बिनपरवाना मालावर बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो.

पाया आणि पाणी

काळ्या मातीवर ढीग टाकू नका. ती भिजली की फुगते, मऊ पडते आणि वरचा ढीग तिच्यावरून सरकतो. ढिगाच्या जागेवरची काळी माती घट्ट मुरूम लागेपर्यंत काढा आणि वेगळी साठवा, पुढे झाडे लावायला तीच लागते. ओढा, नाला किंवा पावसाळ्यात ओल धरणारी खोलगट जागा असेल तर ती जागा सोडून द्या.

ढिगाच्या वरच्या अंगाला पाणी अडवणारा चर हवा. त्याचे माप अंदाजाने ठरवू नका. बऱ्याच मंजुरीपत्रांत 50 वर्षांच्या नोंदींतला जोराचा पाऊस धरून त्यावर आणखी 50 टक्के क्षमता मागितलेली असते. चराचे पाणी थेट नाल्यात न सोडता गाळ बसायच्या टाकीतून न्या. ढिगाचा माथा कडेकडून आतल्या बाजूला किंचित उतरता ठेवा, दर 50 मीटरला 1 मीटर पुरे. पाणी कडेवरून वाहिले की एकाच पावसात घळ पडते. पायथ्याची दगडी भिंत घरंगळणारे दगड आणि गाळ अडवते. ढीग आणखी उभा करायला तिचा आधार घेऊ नये.

पावसाळ्यात रोज सकाळी मेटने (खाणीवरच्या मुकादमाने) माथ्यावरून एक फेरी मारावी. कडेला समांतर भेग, पायथ्याला फुगवटा, पायथ्यातून गढूळ पाणी, तिरकी झालेली झाडे, यांपैकी काही दिसले तर भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि अंतर रोज टेपने मोजून वहीत लिहा. पहिल्या दिवशी 5 मिलिमीटर, दुसऱ्या दिवशी 8, तिसऱ्या दिवशी 15 अशी वाढ वेग घेत असेल तर ढिगाखालची सगळी माणसे आणि यंत्रे त्याच वेळी बाहेर काढा आणि मग आम्हाला कळवा. भेग मातीने बुजवून दिसेनाशी करू नका, पाणी आत जाईल असे वाटले तर वरून प्लॅस्टिक अंथरा.

आमच्या काही अटी आणि त्यांची कारणे

फोटोवरून किंवा मोबाइलमधल्या कोन मोजणाऱ्या ॲपवरून आम्ही प्रमाणपत्र देत नाही. मोबाइल जिथे टेकवाल तिथला कोन दाखवतो. मंजुरीत लिहिलेला एकूण उतार हा सर्वांत खालच्या पायथ्यापासून सर्वांत वरच्या कडेपर्यंतच्या रेषेचा असतो, आणि ती रेषा मोजणीशिवाय मिळत नाही. प्रत्येक बाजूचे निदान तीन छेद (पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे उताराचे उभे काप) आम्ही घेतोच. त्यात अर्धा दिवस जास्त जातो, पण सर्वांत उभी जागा सहसा मधल्याच छेदात सापडते.

खुंट्या हलल्या असतील तर दुसरी फेरी सशुल्क असते. यावर नाराजी होते, ती समजते. पण हललेल्या खुंटीवरून काढलेला नकाशा तुमच्याच सहीने तपासणी अधिकाऱ्यापुढे जातो, आणि चुकीच्या नकाशाचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनाच तारीख हवी असते. उतार कमी करायचा निघाला तर डोझरला पंधरा दिवस तरी लागतात, चर वेगळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोजणी करून घेतली तर दुरुस्ती पावसाच्या आत होते. वार्षिक करार घेतलेल्या ग्राहकांच्या तारखा आम्ही या दोन महिन्यांत आधीच ठेवतो आणि जुलैची पाहणी त्याच करारात येते.

येण्याआधी पट्ट्याच्या हद्दीचा नकाशा, खाणकाम आराखडा, पर्यावरण मंजुरीचे पूर्ण पत्र अटींच्या पानांसह आणि मागच्या वर्षीचे छेद काढून ठेवा. पायथ्यावरचे गवत कापलेले असावे, उभी यंत्रे बाजूला घ्या. मागच्या मोजणीनंतर ढिगातून माल उचलला असेल तर किती आणि कोणत्या बाजूने हे फोनवरच सांगा, म्हणजे माणूस आणि वेळ त्या हिशोबाने पाठवता येईल.